अंजूरची फिर्याद

भिवंडीत राहणाऱ्यांच्या तोंडी अंजूरफाटा हे नाव दिवसातून एकदा तरी येतेच. गोदामांकडे निघालेले ट्रक, वाहनांची कोंडी, जवळचे रेल्वे स्थानक, ठाणे आणि वसई या दोन्ही दिशांना फुटणारे रस्ते, एवढीच या नावाची आजची ओळख आहे. हा फाटा ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो, ते अंजूर खाडीच्या बाजूस आहे. तेथे नाईक घराण्याचा जुना वाडा आणि सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच गावातून पुण्याच्या दरबारात एक फिर्याद गेली. परकीय सत्तेच्या अमलाखाली भरडल्या जाणाऱ्या रयतेची ती फिर्याद होती. तिची तड लागण्यास जवळजवळ दोन दशके लागली. तड लागली तेव्हा मात्र वसईपासून वांद्र्यापर्यंतचा मुलूख एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेला होता.

वसईच्या मोहिमेची कथा महाराष्ट्राला चिमाजी अप्पांच्या पराक्रमाची कथा म्हणून ठाऊक आहे आणि ते यथार्थच आहे. तथापि, या मोहिमेच्या आधी काही सामान्य वतनदार, गावकरी आणि व्यापारी वर्षानुवर्षे सरकारचे दार ठोठावत होते, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत एक-दोन वाक्यांत आटोपते. भिवंडी तालुक्याच्या दृष्टीने तर तो भाग अधिकच मोलाचा आहे.

खाडीपलीकडचे राज्य

हा प्रश्न समजण्यासाठी भिवंडीच्या भूगोलाकडे पाहिले पाहिजे. भिवंडीजवळून वाहणारी कामवारी आणि कल्याणकडून येणारी उल्हास यांचे पाणी शेवटी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे कल्याण-भिवंडीच्या बंदरातून गलबत सुटले की त्याला ठाणे, घोडबंदर आणि वसई यांच्या जवळून जावे लागे. खाडीच्या या तोंडावर सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांचा ताबा होता. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३४ च्या डिसेंबरात तहाने वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख त्यांना दिला. पुढे दमण ते चौल असा किनारा त्यांच्या ‘उत्तर प्रांता’त मोडू लागला. वसई ही त्या प्रांताची राजधानी होती आणि तेथे जनरल दर्जाचा अधिकारी बसे.

१६५७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. १६५९ च्या सुमारास याच खाडीत मराठ्यांच्या आरमाराची पहिली गलबते बांधण्यास आरंभ झाला. त्या कामावर काही पोर्तुगीज कारागीर होते. ही गलबते उद्या आपल्यावरच येतील, अशी भीती वसईच्या अधिकाऱ्यांना वाटली. त्यांनी कारागिरांना काम सोडून यावयास लावले आणि ते निघून गेले. एका खाडीच्या दोन काठांवर दोन राज्ये असली म्हणजे शेजार कसा असतो, हे एवढ्यावरून लक्षात येते.

शिवकालानंतर कल्याण-भिवंडी मोगलांकडे गेली. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांच्या वतीने रामचंद्र महादेव चासकर यांनी कल्याण पुन्हा मराठ्यांच्या ताब्यात आणले. हे वर्ष साष्टीच्या रयतेसाठी महत्त्वाचे ठरले. आतापर्यंत तिचे गाऱ्हाणे ऐकणारे जवळ कोणी नव्हते. आता नावेने एक खाडी ओलांडली की स्वराज्याचा सुभेदार भेटत होता.

गाऱ्हाणे कशाचे होते

पोर्तुगीज अमलात सर्वच वाईट होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ठाण्याचे रेशमी विणकाम त्या काळात दूरवर नावाजलेले होते. वसईच्या बागायतीची भरभराट होती. व्यापाराला वाव होता. परंतु त्या राज्यात राजाचा धर्म आणि रयतेचा धर्म भिन्न असेल, तर रयतेने आपला धर्म घराच्या आतही जपून पाळावा अशी स्थिती होती.

गोव्यात १५६० मध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. त्याचा अधिकार पोर्तुगीज हिंदुस्थानातील सर्व ठाण्यांवर चाले. वडिलांच्या मृत्यूने पोरक्या झालेल्या हिंदू मुलांना ख्रिस्ती धर्मगुरूंच्या स्वाधीन करावे, असा आदेश पोर्तुगालच्या राजाने १५५९ मध्ये काढला होता. या धोरणाची छाया उत्तर प्रांतावरही पडली. घरातील कर्ता पुरुष गेला की त्या घराला शोकापेक्षा मोठी चिंता लागे, ती मुलांची. मूर्तिपूजा, उत्सव, लग्न-मुंजीचे विधी उघडपणे करण्यास मज्जाव होता. निर्मळसारखी जुनी तीर्थक्षेत्रे उद्ध्वस्त झाली. त्यातच जमिनी आणि वतने यांवर गंडांतर येत होते. मराठ्यांची धास्ती वाढू लागली तसे १७३० मध्ये पोर्तुगीजांनी ठाण्यास नवा किल्ला बांधावयास घेतला. त्या बांधकामाचा बोजा अर्थातच प्रजेवर पडला.

आजच्या वाचकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. गाऱ्हाणे ज्यांच्याविरुद्ध होते, तेच न्याय देणारे होते. वसईच्या जनरलाकडे दाद मागावी तर त्याच्याच हुकमाविरुद्ध मागावी लागे आणि गोव्याच्या व्हाइसरॉयकडे जावे तर धर्मन्यायालय तेथेच होते. म्हणून या रयतेने आपले सरकार सीमेपलीकडे शोधले.

नाईक घराण्याचे पाऊल

अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे बंधू हे या फिर्यादीचे मुख्य सूत्रधार होते. ‘साष्टीची बखर’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या बखरीत त्यांच्या खटपटीची हकिकत आली आहे. नाईक घराणे वजनदार होते. गावोगावी त्यांचा शब्द चाले आणि खाड्या, बंदरे, पायवाटा यांची त्यांना खडान्‌खडा माहिती होती. त्यांनी कल्याणच्या सुभेदाराशी संधान बांधले, पुण्यास जाऊन पेशव्यांपुढे साष्टीच्या रयतेची कैफियत मांडली आणि फिरंग्यांपासून हा मुलूख सोडवावा अशी विनंती केली. चिंचवडच्या देव संस्थानावर घराण्याची श्रद्धा होती. गंगाजींनी चिंचवडला जाऊन मोरयाची सेवा केली आणि तेथील देवांचा आशीर्वाद घेतला, असे परंपरा सांगते. अंजूरच्या सिद्धिविनायकाचा संबंधही त्याच परंपरेशी जोडला जातो.

गंगाजी एकटेच नव्हते. मालाडचे वतनदार अंतोजी रघुनाथ कावळे हेही याच कामी झटत होते. साष्टी बेटावरील आणि वसई प्रांतातील इतर वतनदार, गावपाटील, कारागीर यांची मने या प्रयत्नामागे होती. ही माणसे निरनिराळ्या जातींची होती. काहींच्या जमिनी गेल्या होत्या, काहींच्या घरातील मुले धोक्यात होती, काहींना देवाधर्मासाठी रात्री खाडी ओलांडावी लागत होती. दुःखे निरनिराळी असली तरी मागणी एकच होती.

मराठा राज्याच्या कारभारात अशा विनंतीला ‘अर्जदास्त’ म्हणत आणि तिच्या उत्तरादाखल सरकार देई तो ‘कौल’. कौल म्हणजे अभयवचन. रयतेने आपले म्हणणे मांडावे, सरकारने तिला अभय द्यावे आणि त्या अभयावर विसंबून रयतेने शेती, व्यापार, वस्ती करावी, असा हा व्यवहार होता. पण कौल हा सामान्यतः आपल्या राज्यातील रयतेला दिला जाई. साष्टीची रयत कायद्याने दुसऱ्या राजाची होती. तिला अभय देणे म्हणजे त्या राजाशी वैर पत्करणे. गंगाजींच्या फिर्यादीतील खरी अडचण हीच होती.

सरकारला उशीर का झाला

फिर्याद ऐकली गेली, सहानुभूतीही मिळाली. परंतु मोठी मोहीम निघण्यास १७३७ साल उजाडले. हा विलंब पाहून पेशव्यांना दोष देणे सोपे आहे. त्या वर्षांचा पट डोळ्यांपुढे ठेवला की मात्र चित्र बदलते.

१७२० च्या एप्रिलमध्ये बाळाजी विश्वनाथ निवर्तले आणि तरुण बाजीरावांकडे पेशवेपद आले. पुढील वर्षांत निजामाशी झगडा झाला. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेड येथे निजामाला नमवावे लागले. १७२९ मध्ये छत्रसालाच्या हाकेला ओ देऊन बुंदेलखंडात जावे लागले. १७३१ मध्ये डभईस सेनापती दाभाड्यांशी लढाई झाली. १७३३ पासून जंजिऱ्याच्या सिद्दीविरुद्धची मोहीम चालू होती आणि ती १७३६ च्या एप्रिलमध्ये सिद्दी सात मारला जाईपर्यंत निकालात निघाली नाही. मधल्या काळात पोर्तुगीजांशी लहानमोठ्या चकमकी झडल्या, बोलणी झाली, तहही झाले. तह झाला की फिर्यादी पुन्हा जागच्या जागी येत.

परराष्ट्रसंबंधांत सरकारला एकाच गावाचा विचार करून चालत नाही. एका बाजूला शस्त्र उचलले की दुसऱ्या बाजूचा शत्रू सावध होतो, खजिन्यावर ताण पडतो, मित्र दुरावतात. गावकऱ्याला मात्र आपल्या गावापुरते दुःख दिसते आणि ते खरेच असते. या दोन सत्यांमध्ये जे अंतर असते, तेथेच बहुतेक अर्ज विरून जातात. अंजूरचा अर्ज विरला नाही, कारण अर्जदार थकले नाहीत.

अर्जदार वाटाडे झाले

नाईक मंडळी पेशव्यांकडे केवळ दुःख घेऊन गेली नव्हती. कोणत्या खाडीला भरती-ओहोटीच्या कोणत्या वेळी उतार मिळतो, कोणत्या ठाण्यात किती शिबंदी आहे, ठाण्याच्या नव्या किल्ल्याची कोणती बाजू अजून अपुरी आहे, कोणते गाव आतून मदत करील, हा सर्व तपशील स्थानिक लोकांकडून मिळत गेला. सैन्य देशावरचे होते. त्याला डोंगर आणि मैदान ठाऊक होते, खारवट दलदल आणि खाडीचा चिखल ठाऊक नव्हता. ती उणीव या भागातील माणसांनी भरून काढली.

१७३७ च्या मार्चअखेरीस मराठ्यांच्या तुकड्या गुप्तपणे पुढे सरकल्या आणि ठाण्याचा अपुरा किल्ला एका रात्रीच्या धाडसाने त्यांच्या हाती आला. आज जेथे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच हा किल्ला. त्याच सुमारास बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन थडकले होते. एकीकडे बादशहाची राजधानी हादरत होती आणि दुसरीकडे चिमाजी अप्पा साष्टी बेट घेत होते. घोडबंदर, अर्नाळा आणि इतर ठाणी एकामागून एक मराठ्यांकडे आली. शंकराजी केशव फडके, रामाजी महादेव बिवलकर, खंडोजी माणकर या सरदारांच्या सोबत नाईक बंधूही मोहिमेत होते.

वसईचा किल्ला मात्र पहिल्या चढाईत पडला नाही. पावसाळा आला आणि मोहीम लांबली. इकडे मुंबईचे इंग्रज सावध झाले होते. त्यांनी वरून तटस्थता राखली आणि आतून पोर्तुगीजांना दारूगोळा व कर्ज दिले. मुंबईतील व्यापाऱ्यांनाही धास्ती वाटली. शहराभोवती खंदक खणण्यासाठी त्यांनी आपल्या पदरची वर्गणी दिली. परराष्ट्रांतील तंटा व्यापाऱ्याच्या दुकानापर्यंत कसा येऊन पोहोचतो, याचे हे जुने उदाहरण आहे.

जे फिर्यादी उघडपणे मराठ्यांच्या बाजूने उभे राहिले होते, त्यांच्यासाठी ही दोन वर्षे सर्वांत कठीण होती. मोहीम फसली असती तर सैन्य घाट चढून परत गेले असते. नाईक, कावळे आणि त्यांना साथ देणारी गावे मात्र तेथेच राहिली असती. अर्जावर सही करणे आणि अर्जापायी सर्वस्व पणाला लावणे यांतील फरक या माणसांनी जाणला होता.

वसईचा वेढा आणि तह

१७३९ च्या आरंभी चिमाजी अप्पांनी पुन्हा जोर केला. माहीम आणि तारापूर जिंकले गेले. तारापूरच्या लढाईत बाजी भीवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा कामी आला. गोव्याहून मदत येऊ नये म्हणून व्यंकटराव घोरपड्यांनी त्याच वेळी गोव्यावर चढाई केली, त्यामुळे व्हाइसरॉयला उत्तरेकडे पुरेशी कुमक पाठवता आली नाही. फेब्रुवारीपासून वसईचा वेढा आवळत गेला.

त्याच महिन्यात उत्तरेत नादिरशहाने कर्नालला मोगल सैन्याचा पराभव केला आणि मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. साऱ्या हिंदुस्थानावर संकट आल्याची भावना होती. वसईत गुंतलेली फौज उत्तरेच्या रक्षणासाठी लवकर मोकळी व्हावी, असे बाजीरावांना वाटणे स्वाभाविक होते. आणखी एक वेळ अशी आली होती की, साष्टीच्या रयतेची फिर्याद मोठ्या राजकारणापुढे बाजूस सारली जावी. चिमाजी अप्पा मात्र वेढा उठवून गेले नाहीत. तटाखाली सुरुंग भरले गेले, बुरूज ढासळले, चढाया झाल्या. मराठ्यांकडील मृत आणि जखमींची संख्या हजारांत गेली. पोर्तुगीजांनीही शौर्याची शर्थ केली. अखेर १६ मे १७३९ रोजी शरणागतीचा तह झाला आणि २३ मे रोजी वसईवर मराठ्यांचे निशाण चढले.

या तहाच्या अटी या सर्व कथेतील अत्यंत विचार करण्याजोगा भाग आहेत. पोर्तुगीज सैनिकांना शस्त्रांसह, सन्मानाने, वाद्ये वाजवीत बाहेर पडू देण्यात आले. नागरिकांना कुटुंब आणि चीजवस्तू घेऊन जाण्यासाठी आठ दिवसांची मुदत मिळाली. जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक राहील आणि त्यांच्यासाठी तीन चर्च राखली जातील, हेही मान्य करण्यात आले.

ज्या फिर्यादीच्या मुळाशी धर्म पाळता येत नाही हे दुःख होते, तिची पूर्तता होताना पराभूतांचा धर्म पाळण्याचा हक्क कागदावर आला. घंटा देवळांत गेल्या हे खरे. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातील प्रसिद्ध घंटा त्याच काळाची साक्ष आहे. युद्धात कटुता आणि लूट असते, तशी येथेही होती. परंतु तहाच्या कलमांत जे लिहिले गेले त्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. आपल्यावर झालेला अन्याय हा न्याय मागण्याचा आधार असतो, दुसऱ्यावर तोच अन्याय करण्याचा परवाना नसतो, एवढे भान त्या तहाने राखले.

पुढे काय झाले

१७४० मध्ये चौलही पोर्तुगीजांनी सोडले आणि उत्तर प्रांतातील त्यांचा अंमल दमण-दीवपुरता उरला. शंकराजी केशव वसईचे सुभेदार झाले. परागंदा झालेली रयत परत यावी, पडीक जमिनी लागवडीस याव्यात यासाठी कौल देण्यात आले. निर्मळचे तीर्थ पुन्हा नांदते झाले. वज्रेश्वरी देवीला चिमाजी अप्पांनी नवस केला होता असे सांगतात. भिवंडी तालुक्यातील तिचे किल्ल्यासारख्या तटाचे मंदिर त्या नवसाचीच आठवण आहे.

हा विजय कायमचा टिकला नाही. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी मराठ्यांच्या हातून गेली. ज्या वसईत १७३९ चा तह झाला, तेथेच १८०२ च्या अखेरच्या दिवशी दुसऱ्या बाजीरावांनी इंग्रजांशी तह केला आणि स्वातंत्र्य जवळजवळ गमावले. त्रेसष्ट वर्षांपूर्वीच्या वसईत सरकार रयतेच्या हाकेला धावून आले होते. १८०२ च्या तहात सरकारच परक्याच्या आश्रयाला गेले होते आणि रयतेला कोणी काही विचारले नाही.

वसईचा ख्रिस्ती समाज मात्र तेथेच राहिला, मातीत रुजला आणि मराठीतच बोलत राहिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी आयुष्यभर मराठीत लेखन केले आणि २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. तहात दिलेल्या शब्दाला इतक्या शतकांनंतर आलेले हे फळ म्हटले तर वावगे होणार नाही.

विनंतीची परंपरा

एका गावाने एकत्र येऊन लेखी विनंती करणे ही प्रथा जैन समाजाला परकी नाही. चातुर्मासासाठी आपल्या गावी पदार्पण करावे म्हणून श्रीसंघाकडून आचार्यांना जी चित्रमय विज्ञप्तिपत्रे जात, त्यांत गावाचे वर्णन, बाजारपेठ, मंदिरे आणि संघातील श्रावकांच्या वतीने केलेली प्रार्थना असे. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. शालिवाहन या चित्रकाराने ते रंगविले. पर्युषणात प्राणिहत्या बंद ठेवण्यासंबंधीचे जहांगीर बादशहाचे फर्मान त्यात चित्ररूपाने आले आहे. ते फर्मानही विनंतीचेच फळ होते. शस्त्र हाती न घेता, संयमाने आणि सातत्याने सत्तेपुढे आपले म्हणणे मांडण्याची ती रीत होती.

अंजूरच्या फिर्यादीचा शेवट युद्धात झाला, आग्र्याच्या विनंतीचा फर्मानात. दोहोंचे मार्ग भिन्न असले तरी विनंती करणाऱ्यांचे काही गुण समान आहेत. विनंती एका माणसाची नव्हती, अनेकांची होती. मागणी मोघम नव्हती, नेमकी होती. एकदा नकार किंवा विलंब झाला म्हणून ती सोडून दिली गेली नाही.

आजच्या भिवंडीसाठी

आज विनंतीचा हा अधिकार कोणा सुभेदाराच्या मर्जीवर अवलंबून नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी केंद्र किंवा राज्य यांच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. मराठीत लिहिलेला अर्ज दिल्लीतील कार्यालयालाही घ्यावा लागतो. लोकसभेत याचिका समिती आहे, महाराष्ट्र विधिमंडळात विनंती अर्ज समिती आहे. अंजूरकरांना चिखल तुडवीत, जीव मुठीत धरून जे करावे लागले, ते आज टपाल कचेरीत जाऊन करता येते.

आणि परराष्ट्रसंबंधांचा प्रश्न भिवंडीपासून आजही दूर नाही. २०२५ च्या मे महिन्यात भारताने बांगलादेशातून येणाऱ्या तयार कपड्यांना जमिनीवरील सीमाठाण्यांतून येण्यास बंदी केली आणि ती आयात न्हावाशेवा व कोलकाता या दोन बंदरांपुरती ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील शुल्क पन्नास टक्क्यांपर्यंत नेले. असे निर्णय दूरच्या राजधान्यांत होतात. त्यांची झळ मात्र सुताच्या भावात, कापडाच्या मागणीत आणि शेवटी मागावर उभ्या असलेल्या कामगाराच्या आठवड्याच्या पगारात उतरते. मागधारक, व्यापारी, गोदामवाले, कामगार यांची दुःखे तेव्हाही निरनिराळी असतात. प्रत्येकाने आपापले निवेदन वेगळे दिले की सरकारदरबारी त्या कागदांचा ढीग होतो आणि कोणत्याच कागदाला वजन उरत नाही.

अशा वेळी अंजूरकरांचा धडा उपयोगी पडावा. त्यांनी आधी आपसांत एकमत केले. मग खरी आणि तपशीलवार माहिती गोळा केली. सरकारच्या अडचणी समजून घेतल्या, पण आपले म्हणणे सोडले नाही. उत्तर मिळेपर्यंत ते दारात उभे राहिले आणि उत्तर मिळाले तेव्हा जबाबदारीचा आपला वाटा उचलला.

अंजूरफाट्यावर वाहतूक खोळंबली की माणसे वैतागतात, तेवढ्या वेळात घरच्या मुलांना या नावामागची हकिकत सांगता येईल. सवड मिळाली तर एखाद्या रविवारी त्यांना अंजूरच्या सिद्धिविनायकाला, वज्रेश्वरीच्या तटापाशी आणि वसईच्या किल्ल्यात न्यावे. वसईचे पडके बुरूज पाहताना त्यांना चिमाजी अप्पांचे नाव अवश्य सांगावे आणि ज्यांच्या हाकेमुळे ते येथवर आले, त्या खाडीकाठच्या गावाचे नावही सांगावे.